दिव्याखालचा अंधार : भंगारात निघालेले वायू-लेसर आणि इतिहासाचा हरवता पुरावा

(दीर्घ धागा)

१/
इ.स. १७८७. ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खोदला जात असताना मातीतून तांब्याचे पत्रे निघाले. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७ मध्ये दिलेल्या भूमिदानाचा तो ताम्रपट होता. रामलोचन पंडितांनी त्याचा अर्थ उलगडला, जनरल कारनॅक यांनी तो कलकत्त्याच्या विद्वानांकडे पोहोचवला आणि १७८८ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात त्याचा इंग्रजी अनुवाद छापला गेला.

२/
हा ताम्रपट अभ्यासकांपर्यंत पोहोचला, कारण तो तांबटाच्या भट्टीपर्यंत पोहोचला नाही. तांब्याला तेव्हाही भाव होता. ज्याच्या हाती तो आला त्याने त्याचे वजन करण्याआधी त्यावरची अक्षरे पाहिली, एवढ्याच योगायोगावर शिलाहारांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे साधन टिकले. असा योगायोग ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्या ताम्रपटांची गणती कोणीही करू शकणार नाही.

३/
त्याच ठाणे शहराच्या हद्दीत आज दिवा हे जंक्शन आहे. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत वाढवलेला लोहमार्ग येथूनच जातो. पनवेल आणि वसईकडे जाणारे फाटे येथूनच फुटतात. ठाणे शहराचा कचरा २०२३ पर्यंत वर्षानुवर्षे दिव्यातच येऊन पडत होता. दिवा-शिळ रस्त्यावरून शिळफाट्याकडे जाताना दुतर्फा भंगाराची गोदामे दिसतात. ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी अशा औद्योगिक वसाहतींनी हा परिसर वेढलेला आहे.

४/
कारखाने, छापखाने, रुग्णालये आणि महाविद्यालये यांचे आयुष्य संपलेले सामान अशाच गोदामांत काट्यावर चढते. त्यात संगणक असतात, ऑसिलोस्कोप असतात, आणि कधी हातभर लांबीची एखादी काचेची नळीही असते. दोन्ही टोकांना छोटे आरसे, आत धातूचा पोकळ दंडगोल, बाहेर अॅल्युमिनियमचे आवरण. ती वायू-लेसरची नळी असते. गोदामात तिचा भाव अॅल्युमिनियमच्या किलोवर ठरतो आणि काच फुकट जाते.

५/
जुने वायू-लेसर भंगारातून वाचवणे हा काही हौशी तंत्रज्ञांचा छंद मानला जातो. प्रत्यक्षात ते इतिहासाचे काम आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते केवळ भौतिकशास्त्रज्ञांवर सोडून देणे चूक आहे, असे या धाग्याचे प्रतिपादन आहे. मात्र सगळे वाचवा, असा आग्रह येथे नाही. काय वाचवावे आणि कसे, हाच खरा प्रश्न आहे.

६/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. १६ मे १९६० रोजी थिओडोर मैमन यांनी अमेरिकेत पहिला लेसर चालवला. त्यात माणकाचा स्फटिक होता आणि प्रकाश क्षणिक झोतांच्या रूपात निघत असे. त्याच वर्षी १२ डिसेंबरला बेल प्रयोगशाळेत अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी हेलियम आणि निऑन यांच्या मिश्रणातून अखंड वाहणारा लेसर किरण मिळवला. जावान मूळचे तेहरानचे. जगातील पहिला वायू-लेसर तो हाच.

७/
त्याची कार्यपद्धती सुंदर आहे. नळीत हेलियम भरपूर आणि निऑन थोडा असतो. दाब वातावरणाच्या काही सहस्रांश इतकाच. उच्च दाबाची वीज सोडली की इलेक्ट्रॉन हेलियमच्या अणूंना उत्तेजित करतात. हे अणू निऑनच्या अणूंवर आदळून आपली ऊर्जा त्यांच्या हवाली करतात. निऑन ती प्रकाशरूपाने सोडतो. दोन आरशांमध्ये हा प्रकाश पुन्हा पुन्हा फिरून वाढतो आणि एका आरशातून त्याचा अल्पसा अंश किरण म्हणून बाहेर पडतो.

८/
पहिल्या यंत्राचा किरण अवरक्त होता, डोळ्यांना न दिसणारा. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतच अॅलन व्हाइट आणि डेन रिग्डेन यांनी ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किरण मिळवला. भारतातील विज्ञान शाखेच्या कित्येक पिढ्यांनी प्रयोगशाळेत अंधार करून ग्रेटिंगमधून भिंतीवर पडलेले लाल ठिपके मोजले, ते याच किरणाचे. अनेकांच्या आयुष्यात पाहिलेला पहिला लेसर हाच होता.

९/
हा किरण जगभर कोठे कोठे गेला, ते पाहावे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथील दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील बारकोड प्रथमच वाचला गेला, तो हेलियम-निऑन लेसरने. डेनिस गाबर यांनी १९४८ मध्ये मांडलेली होलोग्राफीची कल्पना लेसर आल्यावरच खऱ्या अर्थाने साकार झाली आणि १९७१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. छापखान्यांत अक्षरजुळणीच्या फिल्मवर मजकूर उमटवणाऱ्या यंत्रांतही अशाच नळ्या होत्या.

१०/
लांबीचे मापही या नळीशी जोडले गेले. १९८३ मध्ये मीटरची नवी व्याख्या स्वीकारली गेली : प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तेवढा एक मीटर. ही व्याख्या प्रयोगशाळेत प्रत्यक्षात उतरवण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे आयोडीनच्या साहाय्याने स्थिर केलेला हेलियम-निऑन लेसर. कापडाच्या दुकानातील गजामागेही शेवटी या प्रकाशाची साक्ष उभी आहे.

११/
भारतीय विज्ञानाशीही वायू-लेसरचे नाते जवळचे आहे. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला परिणाम अत्यंत क्षीण असतो. तो नोंदवण्यासाठी अनेक दशके पाऱ्याच्या दिव्यांवर विसंबावे लागे. साठच्या दशकात हेलियम-निऑन आणि आर्गॉन लेसर हाती आले आणि रामन वर्णपटशास्त्राला दुसरा जन्म मिळाला. शोध भारतात लागला होता. त्याला साजेसा प्रकाश नंतर मिळाला.

१२/
आता महाराष्ट्र. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला. १९५८ मध्ये ते पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, पुढे स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. वयाच्या सव्विशीच्या सुमारास, १९६४ मध्ये, त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे ठेवला. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

१३/
पटेल यांचा पहिला लेसर अगदी दुबळा होता, काही मिलिवॅटचा. मग त्यांनी नायट्रोजनची मदत घेतली. नायट्रोजनचे रेणू विजेतून ऊर्जा साठवतात आणि ती कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात. हेलियम मिसळल्यावर वायू थंड राहतो आणि शक्ती आणखी वाढते. काही वर्षांतच या लेसरची शक्ती शेकडो वॅटवर गेली. १०.६ मायक्रोमीटरचा हा अदृश्य किरण लाकूड, कापड, कातडे आणि अॅक्रिलिक कापू लागला, शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतही पोहोचला.

१४/
२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफ व पुठ्ठ्याचे नक्षीदार पाट लोकप्रिय झाले. लग्नपत्रिका, दारावरील पाट्या, भेटवस्तू यांचीही कापणी अशाच यंत्रांवर होते. ठाणे-डोंबिवलीतील छोट्या गाळ्यांत ही कामे करणाऱ्या यंत्रात बहुधा काचेची कार्बन डायऑक्साइड नळी असते. बारामतीत जन्मलेल्या माणसाचा शोध दिव्यातल्या देव्हाऱ्यापर्यंत आला आहे. हे ना मखर विकत घेणाऱ्याला ठाऊक असते, ना ते कापणाऱ्याला.

१५/
तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, अध्यायही याच खाडीच्या परिसरातला. तेथील अणुऊर्जा आस्थापनेत १९६४ च्या सुमारास गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला आणि त्याच्या साहाय्याने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी सुमारे २० किलोमीटर अंतरावरून प्रकाशमार्गे संपर्क साधला गेला. हा वायू-लेसर नव्हता. तरी भारतीय लेसरच्या कथेचा प्रारंभ त्याच्याशिवाय सांगता येत नाही. १९६७ मध्ये या आस्थापनेला होमी भाभांचे नाव देण्यात आले.

१६/
तेथील लेसर विभागाचे नेतृत्व करणारे डॉ. दिलीप देवीदास भवाळकर पुढे इंदूरच्या प्रगत प्रौद्योगिकी केंद्राचे संस्थापक संचालक झाले. १९८४ मध्ये त्या केंद्राची कोनशिला बसवली गेली. २००५ पासून ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. शस्त्रक्रियेसाठी कार्बन डायऑक्साइड लेसर तेथे बनले. नव्वदच्या दशकात क्षयरोग्यांच्या उपचारात नायट्रोजन लेसर वापरून पाहिला गेला, तोही तेथेच घडवलेला. आयात होऊ न शकणारी यंत्रे स्वतः घडवण्याचा हा काळ होता.

१७/
म्हणजे साधने भरपूर आहेत. बारामती, पुणे, ट्रॉम्बे, कुलाबा, इंदूर अशी साखळी आहे. माणसांची नावे आणि सन उपलब्ध आहेत. अडचण वस्तूंची आहे. प्रयोगशाळेच्या कपाटातील नळी, तिच्यासोबतचा विजेचा डबा, डब्यावरील पितळी पट्टी, पट्टीवरील क्रमांक : हे सारे एका सहीने नाहीसे होऊ शकते. त्या सहीला सरकारी मराठीत निर्लेखन म्हणतात.

१८/
प्रत्येक महाविद्यालयात डेड स्टॉक रजिस्टर असते, जडवस्तूंची नोंदवही. वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, कोणाकडून घेतली, हे तीत लिहिलेले असते. वस्तू बंद पडली की समिती बसते, निर्लेखन मंजूर होते, भंगाराचा लिलाव होतो, आणि रकान्यात तांबड्या शाईने एक रेघ ओढली जाते. अभ्यासक्रम बदलला, डायोड लेसर स्वस्त झाले, कपाट रिकामे हवे झाले. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. पण नियमात कोठेही असा प्रश्न विचारलेला नसतो की, ही वस्तू इतिहासाची आहे का?

१९/
गोदामात पुढे काय होते? आवरण अॅल्युमिनियमच्या ढिगात जाते. विजेच्या डब्यातून ट्रान्सफॉर्मर काढून त्याचे तांबे वेगळे होते. ज्यावर निर्मात्याचे नाव आणि अनुक्रमांक असतो ते लेबल पत्र्याबरोबर वितळते. थरांवर थर चढवून अतिशय काटेकोरपणे बनवलेले आरसे काचेच्या चुऱ्यात मिसळतात. तोडणाऱ्या हातांना त्याचे दोन-चार रुपये मिळतात.

२०/
त्या हातांचा धोका मात्र मोठा असतो. हेलियम-निऑन नळी पेटवण्यासाठी अनेक हजार व्होल्ट लागतात आणि तिच्या डब्यातील कपॅसिटर वीज तोडल्यावरही भार धरून ठेवू शकतात. १९६४ मध्ये विल्यम ब्रिजेस यांनी शोधलेल्या आर्गॉन लेसरच्या अनेक नळ्यांत बेरिलियम ऑक्साइडची पोकळी असते. ती फुटून तिची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांचा असाध्य विकार जडू शकतो. हेलियम-कॅडमियम लेसरमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. वारसा वाचवणे आणि मजूर वाचवणे ही येथे एकाच कामाची दोन अंगे आहेत.

२१/
कायद्याकडे वळावे, तर तेथेही पोकळी दिसते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार वस्तूला पुरावशेष ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान १०० वर्षे वय लागते, हस्तलिखितांना ७५. त्या हिशेबाने १९६२ सालचा लाल किरणाचा लेसर २०६२ पर्यंत केवळ जुने सामान आहे. काचेच्या नळीला एवढी वाट पाहता येणार नाही.

२२/
दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांच्या कक्षेत प्रयोगशाळेतील उपकरणेही येतात, आणि मोठ्या प्रमाणावर उपकरणे वापरणाऱ्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावा, अशी अपेक्षा आहे. हा नियम आवश्यकच आहे. पण त्याचा हेतू प्रदूषण रोखणे हा आहे, वस्तूचे ऐतिहासिक मूल्य ठरवणे हा नव्हे. एक कायदा वस्तूला पुरेशी जुनी मानत नाही, दुसरा तिला केवळ कचरा मानतो. या दोहोंच्या मधल्या काळात तिचा नाश होतो.

२३/
येथे एक रास्त आक्षेप आहे. लाखोंच्या संख्येने बनलेली वस्तू वाचवण्यात अर्थ काय? बारकोड वाचणारी प्रत्येक नळी जपायची का? उत्तर स्पष्ट आहे : नाही. लेबल नसलेली, कोठून आली हे न सांगता येणारी, शेकडो जुळ्या भावंडांपैकी एक असलेली नळी सुरक्षितपणे पुनर्चक्रणाला द्यावी. संग्रह म्हणजे साठा नव्हे. निवड न करणारा संग्राहक भंगारवाल्याचे गोदामच दुसऱ्या जागी उभारतो.

२४/
मग निवड कशावर करावी? चार कसोट्या पुरेशा आहेत. वस्तू भारतात बनलेली आहे का? तिच्यावर संस्थेचा नोंदणी क्रमांक आहे का, आणि नोंदवहीतील तिचे पान अजून शाबूत आहे का? तिच्यात स्थानिक हातांनी केलेल्या दुरुस्त्या दिसतात का? नळी, विजेचा डबा आणि माहितीपुस्तिका असा संच पूर्ण आहे का? यांपैकी दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आले, तर ती वस्तू काट्यावर जाऊ नये.

२५/
नोंदीवर इतका भर का, ते विजयदुर्ग शिकवतो. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणावेळी नॉर्मन लॉकयर यांनी तेथूनच हेलियम शोधला, असे सर्रास सांगितले जाते. त्या तारखेला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. परंतु १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणाचे प्रसिद्ध निरीक्षण जान्सन यांनी गुंटूरला केले, आणि लॉकयर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच सूर्याचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर त्यांनी तळ ठोकला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

२६/
ओटे खरे आहेत, साहेबही खरे आहेत, तीस वर्षांचे अंतर मात्र पुसले गेले. १८९८ पर्यंत तर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. विल्यम रॅम्से यांनी तो १८९५ मध्ये वेगळा केला. वस्तू उरली आणि नोंद हरवली, की लोक तिला सोयीची कथा चिकटवतात. नोंदीविना वाचवलेला लेसरही पन्नास वर्षांनी असाच कोणत्या तरी 'भारतातील पहिल्या' दाव्याचा ओटा होऊन बसेल.

२७/
मराठी इतिहासलेखनाला हा धडा नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दारोदार फिरून, माळ्यांवरची दप्तरे उलगडून कागद मिळवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ज्यांच्या घरी हे रुमाल होते, त्यांतील अनेकांना ते केवळ जुने कागद वाटत. आजच्या प्रयोगशाळेतील कपाट हा विसाव्या शतकाचा माळा आहे, आणि त्या कपाटाचा राजवाडे अजून यायचा आहे.

२८/
कागदाला कसर लागते, तशी या नळीलाही लागते. हेलियमचा अणू इतका लहान की तो काचेतूनही हळूहळू निसटतो. जुन्या नळ्यांचे सांधे डिंकासारख्या रेझिनने जोडलेले असत. त्यांतून वायू आत-बाहेर होतो आणि नळी कपाटात पडून राहूनही काही वर्षांत मरते. काच वितळवून पक्के केलेल्या सांध्यांच्या नळ्या मात्र दशके टिकतात. आतला उरलासुरला अशुद्ध वायू शोषणाऱ्या बेरियमचा डाग चकचकीत असेल तर आशा आहे. तो पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली, असे समजावे.

२९/
यातून एक वाद उभा राहतो. केवळ हेलियम गमावलेली नळी हेलियमच्या वातावरणात काही दिवस वा आठवडे ठेवली तर तो वायू काचेतून परत आत शिरतो आणि नळी पुन्हा उजळू शकते. हौशी मंडळींना हे फार प्रिय असते, आणि त्यांच्या कौशल्याचे कौतुकच व्हायला हवे. परंतु दहा बिघडलेल्या यंत्रांचे भाग काढून एक चालते यंत्र जुळवणे म्हणजे दहा दस्तऐवज फाडून एक वाचनीय कागद चिकटवणे होय.

३०/
यावर भूमिका अशी घेता येईल : प्रत्येक प्रकारातील एखादे यंत्र चालते ठेवावे, कारण तो लाल किरण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याचे महत्त्व नव्या पिढीला कळणार नाही. पण ज्यावर नोंदणी क्रमांक आणि दुरुस्तीच्या खुणा आहेत, ती यंत्रे मूळ स्थितीत राहू द्यावीत. त्यावरचा चिकटपट्टीचा तुकडा, पेन्सिलने लिहिलेला आकडा, बदललेला स्क्रू, हाच त्यांचा मजकूर आहे. पॉलिश करून तो पुसणे हीसुद्धा एक प्रकारची मोडतोडच.

३१/
वस्तूंपेक्षाही घाई माणसांची आहे. १९७५ मध्ये बाविसाव्या वर्षी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलेली व्यक्ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. आरसे केसाइतक्या फरकाने हलवून किरण कसा पकडायचा, सुटा भाग मिळत नसताना काय जुळवायचे, पावसाळ्यात दमट हवेत उच्च दाबाची वीज कशी सांभाळायची, हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही. मौखिक इतिहासाचे प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा जवळचे आणि निकडीचे क्षेत्र दुसरे क्वचितच असेल.

३२/
भंगारवाला हा या कथेतला खलनायक नाही. संस्थेने निकालात काढलेली वस्तू तुकडे होण्याआधी शेवटची पाहणारा माणूस तोच असतो. कोणता टेम्पो कोठून आला, हेही त्यालाच आठवते. त्याच्याशी रुपया-दोन रुपयांची घासाघीस करून 'वारसा' मिळवण्यात मोठेपणा नाही. धातूच्या भावापेक्षा अधिक रक्कम द्यावी, कोणत्या नळ्या फोडू नयेत हे त्याला समजावून सांगावे, आणि वस्तू कोठून आली ते त्याच्याकडून विचारून लिहून घ्यावे. संशोधनाच्या भाषेत त्याला उगमाची नोंद म्हणतात.

३३/
संस्थांकडून अपेक्षाही फार मोठ्या नाहीत. निर्लेखनाच्या अर्जात एक रकाना वाढवावा : 'ऐतिहासिक मूल्य तपासले काय?' समितीत इतिहास विभागाचा एक प्रतिनिधी घ्यावा. लिलावापूर्वी वस्तूचे, लेबलाचे आणि नोंदवहीतील पानाचे छायाचित्र काढून ग्रंथालयात ठेवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे अनुदान लागत नाही. वस्तू गेलीच, तरी तिची साक्ष उरते.

३४/
मोठ्या संग्रहालयांवर सगळा भार टाकणेही योग्य नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची वाटचाल १९७७ च्या प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील प्रदर्शनापासून सुरू झाली आणि १९८५ मध्ये ते पूर्ण रूपात खुले झाले. अशा केंद्रांचे मुख्य काम विज्ञान समजावून देणे हे आहे. प्रत्येक तालुक्यातील प्रत्येक नळी त्यांनी घ्यावी, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. ज्या महाविद्यालयात यंत्र वापरले गेले, त्याच महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, एका काचेच्या कपाटात, मराठी माहितीपत्रकासह ते ठेवणे अधिक अर्थपूर्ण ठरेल.

३५/
दिवा हे नाव धारण करणाऱ्या गावाच्या वेशीवर विसाव्या शतकातील सर्वांत विलक्षण दिव्यांचे अवशेष किलोच्या भावाने मोडले जावेत, याला दिव्याखालचा अंधार याहून नेमका शब्द मराठीत नाही. मात्र तो अंधार अटळ नाही. १७८७ मध्ये ठाण्याच्या मातीतून निघालेल्या तांब्याकडे कोणीतरी तांब्याचा भाव विसरून क्षणभर पाहिले, म्हणून अरिकेसरीचे नाव आजच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पुढच्या वेळी एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात भंगाराचा टेम्पो उभा दिसला, तर तो भरण्याआधी कोणीतरी आत डोकावून लेबल वाचावे, इतकेच.

(धागा समाप्त)